विश्लेषण : मोटारीची चावी हरवली की हजारोंचा भुर्दंड का? ‘दुरुस्तीच्या हक्का’त चावी बसते का?

पिंपरी-चिंचवड, चाकण आणि तळेगाव या पट्ट्यात मोटारी तयार होतात, त्यांचे सुटे भाग तयार होतात आणि कुलूप-चाव्यांचे संचही तयार होतात. तरीही याच पट्ट्यातील मोटारमालकाची चावी हरवली, तर ते काम कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे होईलच याची खात्री नसते. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेल्यास अनेक दिवसांची प्रतीक्षा आणि हजारो रुपयांचे बिल, तर बाहेर गेल्यास काम विश्वासाचे होईल का, ही धास्ती. एका चावीसाठी मालकाला ही कसरत का करावी लागते आणि त्यातून मार्ग काय, याचा आढावा.

चावी इतकी महाग कशामुळे झाली?

पूर्वी चावी म्हणजे खाचा पाडलेली धातूची पट्टी होती. दार उघडणे आणि इग्निशन फिरवणे एवढेच तिचे काम. आता त्या पट्टीच्या डोक्यात दोन वेगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रे असतात. पहिले रिमोट. त्याने दारे उघडतात-बंद होतात आणि त्याला सेल लागतो. दुसरी चिप, म्हणजे ट्रान्सपाँडर. तिला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कड्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरींवरच ती जागी होते आणि गाडीला आपली ओळख सांगते. ओळख पटली तरच इंजिन सुरू होते. गाडीतील या पहारेकऱ्याला ‘इमोबिलायझर’ म्हणतात. म्हणूनच हुबेहूब खाचा पाडलेली चावी कुलपात फिरते, पण गाडी सुरू होत नाही.

या कल्पनेची सुरुवात अमेरिकेत झाली. जनरल मोटर्सने १९८६च्या कॉर्व्हेटमध्ये चावीच्या पात्यात ठरावीक विद्युतरोध बसवला होता. पुढे त्याची जागा चिपने घेतली. ब्रिटनमध्ये १९९८पासून आणि कॅनडात २००७पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर बंधनकारक झाला.

स्टार्ट बटणाच्या गाड्यांमध्ये तर चावी खिशातून काढावीच लागत नाही. त्यासाठी चावी आणि गाडी सतत एकमेकींशी बोलत असतात. अशी ‘स्मार्ट की’ हा एक छोटा संगणकच असतो. जगभरात चिपचा तुटवडा असताना टोयोटाने ऑक्टोबर २०२२मध्ये जपानमधील ग्राहकांना दोन स्मार्ट चाव्यांऐवजी एक स्मार्ट आणि एक साधी चावी देण्याचे जाहीर केले होते. चावी आता चिपच्या जागतिक बाजाराशी किती बांधली गेली आहे, हे त्यातून दिसले.

नेमके काय बिघडते?

‘चावी गेली’ असे म्हणताना बहुतेकांच्या मनात नवी चावी घेण्याचा खर्च येतो. प्रत्यक्षात बिघाड चार-पाच प्रकारचे असतात आणि त्यातील बरेचसे स्वस्तात सुटतात.

सर्वात साधा बिघाड सेलचा. रिमोट जवळून चालतो, लांबून चालत नाही किंवा बटण दोन-तीनदा दाबावे लागते, ही त्याची लक्षणे. अनेक चाव्यांमध्ये ‘सीआर २०३२’ हा तीन व्होल्टचा सेल असतो. या आकड्यातच त्याचे माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. त्यामुळे ‘२०३२’च्या जागी ‘२०२५’ बसवल्यास तो पातळ पडतो आणि संपर्क सुटतो. नवा सेल साधारण दीडशे रुपयांच्या आत मिळतो.

दुसरा बिघाड बटणांचा आणि कव्हरचा. वरचे रबर फाटते, आतील छोटा स्विच सैल होतो, पाते जिथे दुमडते तो सांधा तुटतो. आतील सर्किट शाबूत असेल, तर ते काढून नव्या कव्हरमध्ये बसवता येते. मात्र ट्रान्सपाँडर काही चाव्यांत सर्किटवर नसतो. तो प्लॅस्टिकमध्ये वेगळा बसवलेला, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढा तुकडा असतो. कव्हर बदलताना तो जुन्या कव्हरातच राहिला आणि कचऱ्यात गेला, तर चांगली चावी निकामी होते.

तिसरा बिघाड पाण्याचा. पावसाळ्यात भिजलेली किंवा कपड्यांबरोबर धुतली गेलेली चावी लगेच दाबून पाहणे हीच मोठी चूक ठरते. आधी सेल काढावा, चावी उघडून पूर्ण सुकू द्यावी आणि मगच नवा सेल टाकावा.

चौथा बिघाड पात्याच्या झिजेचा. तो अनेकदा उशिरा लक्षात येतो.

झिजलेल्या चावीवरून चावी का पाडू नये?

चावी कुलपात अडकू लागते, थोडी मागे-पुढे केल्यावरच फिरते, ही झिजेची खूण. अशा वेळी बहुतेक जण तीच चावी नमुना म्हणून देतात. यंत्र तिची इमाने-इतबारे नक्कल करते आणि झिजेचीही नक्कल होते. नवी चावी पहिल्या दिवसापासून अडकते आणि हळूहळू कुलपाचे नुकसान करते.

त्यापेक्षा मूळ कोडवरून चावी पाडणे योग्य. नव्या गाडीबरोबर चाव्यांच्या जुडग्याला धातूचा किंवा प्लॅस्टिकचा छोटा बिल्ला असतो. अनेक कंपन्यांच्या बिल्ल्यावर चावीचा क्रमांक असतो. त्यावरून कारखान्यातून निघाली तशीच चावी पाडता येते. शोरूममधून गाडी घरी आल्यावर अनेकदा हा बिल्ला फेकला जातो. तो नसेल तर कपाटात पडून असलेली, कमी वापरातील दुसरी चावी नमुना म्हणून द्यावी.

भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखानदारी भागात धूळ भरपूर. कुलूप जड चालू लागले की त्यात तेल किंवा ग्रीस सोडण्याची सवय आहे. त्याला धूळ चिकटून कुलूप आणखी जाम होते. ग्रॅफाइटची कोरडी भुकटी त्यासाठी बरी. चावी कुलपात मोडलीच, तर उरलेल्या तुकड्याने फिरवण्याचा प्रयत्न टाळावा. आतला तुकडा आणखी खोल जातो.

एकही चावी उरली नाही तर?

एक चावी हातात असताना दुसरी करणे आणि एकही नसताना चावी करणे, या दोन कामांत मोठा फरक आहे. चावी हातात असेल तर काही गाड्या नवी चावी सहज ओळखीत घेतात, काहींत चिपची नक्कलही करता येते. एकही नसेल, तर गाडीच्या संगणकाला जोडून सुरक्षा कोडच्या आधारे नवी ओळख करून द्यावी लागते. अनेक महागड्या गाड्यांमध्ये चावी थेट कंपनीकडून, त्या गाडीच्या चॅसिस क्रमांकापुरती तयार होऊन येते. गाडी जागेवरून हलत नसल्याने क्रेनचा खर्चही येतो.

खर्चाची उतरंड साधारण अशी असते : साधे पाते काही शे रुपये, चिपची चावी काही हजार, स्मार्ट की त्याहून बरीच वर. परदेशी महागड्या ब्रँडमध्ये तर कित्येक पट. काही गाड्यांत कुलपांचा पूर्ण संच किंवा नियंत्रण यंत्र बदलण्याचा सल्ला दिला जातो, तेव्हा बिल डोळे पांढरे करणारे होते.

म्हणून एक चावी हरवल्यावर ‘दुसरी आहे ना’ म्हणत वर्ष काढणे महागात पडते. स्वस्तातली दुरुस्ती आणि महागडी दुरुस्ती यांच्यात ती एकच चावी उभी असते.

चावी इथेच बनते, मग अडते कुठे?

टाटा मोटर्सचा पिंपरीतील कारखाना, चाकणमधील फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र आणि तळेगावमध्ये जनरल मोटर्सचा कारखाना घेणारी ह्युंदाई अशी या पट्ट्यातील मोटार कंपन्यांची यादी मोठी आहे. त्यांच्या मागे सुटे भाग पुरवणाऱ्यांची साखळी उभी राहिली. कुलूप-चावीच्या व्यवसायातील स्पार्क मिंडा आणि जर्मनीचा हूफ समूह यांचीही चाकण परिसरात उपस्थिती आहे.

म्हणजे मोटारीवर जे नाव असते, ती कंपनी चावी स्वतः बनवतेच असे नाही. ती पुरवठादाराकडून घेते. पण तोच भाग पुरवठादाराने खुल्या बाजारात विकावा का, कोणत्या किमतीला विकावा आणि गाडीशी जुळवण्याचा कोड कोणाला द्यावा, हे बऱ्याच अंशी मोटार कंपनीच्या हातात राहते.

चावीवाल्याकडे पाते पाडण्याचे यंत्र असते, हात तयार असतो. अनेकांनी स्वतःच्या पैशाने प्रोग्रामिंगची उपकरणेही घेतली आहेत. नसतो तो कंपनीच्या माहितीपर्यंत जाण्याचा अधिकृत रस्ता. त्यामुळे तो बाजारात मिळेल त्या उपकरणावर आणि मिळेल त्या दर्जाच्या चिपवर काम करतो. काम झाले तर ग्राहकाचे पैसे वाचतात. बिघडले तर जबाबदारी कोणाची, याचे उत्तर नसते.

स्पर्धा आयोगाने काय म्हटले होते?

हा प्रश्न चावीपुरता नाही. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मूळ सुटे भाग, निदानाची उपकरणे आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांपासून दूर ठेवून कंपन्यांनी विक्रीपश्चात बाजारातील आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला, असा निष्कर्ष आयोगाने काढला. टाटा मोटर्सला सुमारे १,३४६ कोटी, तर महिंद्रला सुमारे २९२ कोटींचा दंड होता. फोक्सवॅगन, स्कोडा, मर्सिडीज, फियाट, जनरल मोटर्स यांचीही नावे यादीत होती. म्हणजे पुणे जिल्ह्यात कारखाना असलेल्या बहुतेक तत्कालीन मोटार कंपन्या त्यात आल्या.

आयोगाचे निर्देश दंडापेक्षा महत्त्वाचे होते. पुरवठादारांना सुटे भाग खुल्या बाजारात विकण्यापासून अडवू नये, भागांच्या किमती संकेतस्थळावर जाहीर कराव्यात, स्वतंत्र कारागिरांना निदानाची उपकरणे मिळावीत आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असे त्यात म्हटले होते. सदोष दुरुस्तीने नुकसान झाल्यास तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारण्याची मुभा मात्र कंपन्यांना राहिली.

पुढे प्रकरण अपिलांत गेले. अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६मध्ये टोयोटा, फोर्ड आणि निसानबाबतचे निष्कर्ष कायम ठेवले, पण दंड मोजण्याचा आधार बदलला. इतर काही कंपन्यांनी कायद्यातील तरतुदींनाच दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयाने एप्रिल २०१९मध्ये कायद्याची बहुतांश चौकट वैध ठरवली. ग्राहकाच्या हातात मात्र या काळात फारसे काही पडले नाही.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. पण पोर्टलवर माहिती देणे वेगळे आणि कंपनीने माहिती देणे कायद्याने बंधनकारक असणे वेगळे.

कंपन्यांचा सुरक्षेचा युक्तिवाद खोटा आहे का?

नाही. चावीच्या बाबतीत तो इतर सुट्या भागांपेक्षा अधिक खरा आहे. ब्रेक पॅड कोणालाही विकल्याने चोरी होत नाही, पण चावीचा कोड कोणालाही दिला तर होऊ शकते. इमोबिलायझर नसल्यास काय होते, हे अमेरिकेने २०२१नंतर पाहिले. तिथे ह्युंदाई आणि किआच्या अनेक जुन्या मॉडेलमध्ये तो नव्हता. त्या गाड्या सहज चोरण्याची पद्धत समाजमाध्यमांवर पसरली आणि चोऱ्यांचे पेव फुटले. तो बंधनकारक असलेल्या कॅनडात तशी लाट आली नाही.

पण माहिती दडवणे म्हणजे सुरक्षा, हेही खरे नाही. नेदरलँड्स आणि ब्रिटनमधील संशोधकांनी ‘मेगामॉस’ या इमोबिलायझर चिपमधील दोष शोधला, तेव्हा फोक्सवॅगनने २०१३मध्ये ब्रिटनच्या न्यायालयातून त्याच्या प्रसिद्धीला मनाई मिळवली. शोधनिबंध अखेर २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षे माहिती थांबली, दोष चिपमध्येच राहिला.

चोर अधिकृत परवानगीची वाट पाहत नाही. चावी प्रोग्राम करणारी उपकरणे त्याच्यापर्यंत पोहोचतात, हे दिल्लीतील पोलीस कारवायांतूनही समोर आले आहे. चावी घरात असतानाच तिचा संदेश उपकरणाने गाडीपर्यंत ‘पुढे ढकलून’ दार उघडण्याचा प्रकारही जगभर आढळतो. त्यामुळे कडक बंदोबस्ताचा त्रास प्रामाणिक कारागिराला अधिक आणि चोराला कमी, अशी उलटी स्थिती होते.

इतर देशांनी मार्ग कसा काढला?

माहिती सर्वांना किंवा कोणालाच नाही, या दोन टोकांच्या मधला मार्ग अमेरिका आणि युरोपने निवडला आहे. अमेरिकेत ‘नॅशनल ऑटोमोटिव्ह सर्व्हिस टास्क फोर्स’ ही संस्था चावी कारागिरांची पार्श्वभूमी तपासून त्यांची नोंदणी करते. नोंदणी झालेल्याला कंपन्यांकडून चावीचे कोड मिळतात. त्या बदल्यात प्रत्येक कामावेळी ग्राहकाची ओळख आणि मालकी तपासून नोंद ठेवावी लागते. कोड कोणी, कधी, कोणत्या गाडीसाठी घेतला याचा माग राहतो.

युरोपीय संघाने ‘सर्मी’ या योजनेतून असेच केले आहे. सुरक्षेशी संबंधित दुरुस्तीची माहिती हवी असलेल्या स्वतंत्र गॅरेजला आणि तिथल्या कर्मचाऱ्याला मान्यता घ्यावी लागते. ती मिळाल्यावर कंपनीला माहिती नाकारता येत नाही. ब्रिटन सरकारने फेब्रुवारी २०२५मध्ये मांडलेल्या विधेयकात वाहनचोरीची इलेक्ट्रॉनिक उपकरणे बाळगण्यावरच कारवाईची तरतूद केली. म्हणजे प्रामाणिक कारागिराला दार उघडायचे आणि बाकीच्यांसाठी ते बंद करायचे.

भारतात अशी पडताळलेल्या कारागिरांची व्यवस्था नाही. ती उभी करायची तर पिंपरी-चिंचवड-चाकणसारखी जागा सोयीची. मोटार कंपन्या इथे आहेत, पुरवठादार इथे आहेत, आयटीआय आणि तंत्रशिक्षण संस्था आहेत, वाहन परवाना कार्यालय आहे आणि २०१८पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालयही आहे.

विम्याशी चावीचा संबंध काय?

गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी साधारणपणे दोन्ही मूळ चाव्या मागते. एक चावी नसेल आणि ती हरवल्याची कोणतीही नोंद नसेल, तर दाव्यावर शंका घेतली जाते. त्यामुळे चावी हरवताच पोलिसांकडे नोंद करून तिची प्रत जपून ठेवणे, नवी चावी केल्यास पावती घेणे, हे केवळ सोपस्कार नाहीत.

चावी इग्निशनमध्येच ठेवून चालक खाली उतरला आणि ट्रक चोरीला गेला, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३मध्ये मालकाला ७५ टक्के भरपाई मंजूर केली. चालकाची चूक झाली म्हणून पूर्ण दावा फेटाळणे न्यायालयाने मान्य केले नाही. पण २५ टक्के रक्कम गेली आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. चाकणच्या रस्त्यांवर मालाची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या ट्रकचालकांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

चावी हरवणे किंवा खराब होणे यासाठी वेगळे पूरक विमा संरक्षणही मिळते. मर्यादा आणि अटी पॉलिसीगणिक बदलतात, म्हणून नूतनीकरणाच्या वेळी त्या वाचाव्यात.

मालकाने काय काळजी घ्यावी?

* दोन चालू चाव्या कायम हाताशी ठेवाव्यात. चावीचा बिल्ला आणि सुरक्षा कोडचे कार्ड गाडीत न ठेवता घरी ठेवावे.

* स्मार्ट कीचा सेल संपला तरी गाडी सुरू होऊ शकते. चावीतील लपवलेल्या पात्याने दार उघडावे आणि चावी स्टार्ट बटणाला टेकवून किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जागी ठेवून पाहावे.

* नवी चावी जुळवताना उरलेली चावीही बरोबर न्यावी. अनेक गाड्यांत त्या वेळी समोर नसलेल्या चाव्या स्मृतीतून पुसल्या जातात. हरवलेली चावी बाद करण्यासाठीही हीच सोय उपयोगी पडते.

* जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या मागाव्यात आणि गाडीच्या स्मृतीत किती चाव्या नोंदल्या आहेत, हे तपासून घ्यावे. आधीच्या मालकाकडे एखादी राहिली असेल तर ती बाद करता येते.

* बाहेर काम करताना दुकानाची पावती, चावीची हमी आणि काम डोळ्यांसमोर होणे, या तीन गोष्टींचा आग्रह धरावा. आपली आरसी आणि ओळखपत्र मागणारा चावीवाला त्रासदायक नव्हे, तर भरवशाचा समजावा.

* सर्व्हिस सेंटरने पूर्ण संच बदलायला सांगितल्यास कारण लेखी घ्यावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

फोनच चावी झाल्यावर प्रश्न सुटेल का?

चावीचे काम हळूहळू फोनकडे जात आहे. फोन जवळ नेताच दार उघडणाऱ्या गाड्या भारतातही आल्या आहेत. चावी झिजण्याचा आणि मोडण्याचा प्रश्न त्यामुळे कमी होईल. पण ‘या गाडीची चावी कोणाला द्यायची’ हा अधिकार तेव्हा पूर्णपणे कंपनीच्या सर्व्हरवर गेलेला असेल. गाडी विकल्यावर जुन्या मालकाचा प्रवेश बंद करणे, फोन बदलणे, कंपनीने ती सेवाच बंद केल्यास काय करणे, हे प्रश्न मग उभे राहतील.

गाडीचे पैसे मालकाने दिलेले असतात. तिची दुसरी चावी कोणाकडून करून घ्यायची, हे ठरवण्याचा वाजवी पर्याय त्याला असावा आणि ती करून देणाऱ्याची नोंद सरकारकडे असावी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य आहेत. त्यासाठीचे नियम धातूची चावी जाण्याआधी झाले नाहीत, तर नंतर ते करणे अधिक कठीण होईल.